सतरा वर्षांनी माहेरच्या नावानं: लॉच्या प्रवेशाची फाइल

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' आहे, पदवी प्रमाणपत्रावर दोन. आधार कार्डावर आडनाव सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. पॅन कार्ड लग्नाआधीच्या नोकरीत काढलेलं, आणि बँकेच्या पासबुकावर दोन्हींची खिचडी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बेचाळिशीला टेकेपर्यंत त्यानं कुठे अडलं नव्हतं. लॉच्या तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश घ्यायचं ठरवलं आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत तेवढं एकच अडलं. परीक्षेचा अभ्यास त्या मानाने सरळ होता. म्हणून हे लिहितेय, मुख्यतः लग्नानंतर नाव बदललेल्या आणि पुन्हा शिकायला निघालेल्या बायकांसाठी. बाकीच्यांनाही थोडंफार कामाला येईल.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगते. ठाण्यात चरईत आमची जुनी सोसायटी आहे. बिल्डरने जमीन कधी सोसायटीच्या नावावर केलीच नाही. मी सचिव झाले ती 'तुम्ही हिशेब लिहिता ना, मग कागदपत्रंही बघा' या न्यायाने. मग १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या, कायद्यातलं ११ वं कलम, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर करून देत नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं), जिल्हा उपनिबंधकांकडच्या तारखा, असं करत दोन वर्षं गेली. वकील चांगले होते, पण ते बोलत असताना मला दर वेळी वाटायचं की हे आपल्यालाही कळू शकतं. २०२४ च्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना मी घरात जाहीर केलं. मुलगा आठवीत. तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघं एकदम अभ्यासाला बसायचं?" त्याला त्यात स्वतःचं संकट जास्त दिसलं. सासूबाई म्हणाल्या, "कर की. पण सकाळचं पाणी सहाला जातं, तेवढं बघ."

आमचे खजिनदार काकाही माझ्याबरोबर फॉर्म भरणार होते. ६१ वर्षांचे, कागदपत्रांत माझ्याहून पक्के. वयाची अट नाही हे कळल्यावर तर त्यांनी वहीसुद्धा आणली. पण त्यांनी बारावी केलेली नव्हती. दहावीनंतर नोकरी, आणि मग खूप वर्षांनी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी. ए. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत पाचव्या नियमाखाली एक स्पष्टीकरण आहे: बारावीसारखी मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी लॉच्या प्रवेशाला धरत नाहीत. बारावी होऊन मग दूरशिक्षणाने पदवी घेतली असेल तर अडचण नाही, ती चालते. हा फरक फॉर्म भरण्याआधी, पैसे भरण्याआधी बघा. काकांनी तो नियम माझ्या मोबाइलवर दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही शिका, मी तुमच्याकडून शिकेन." ती वही त्यांनी मलाच दिली. या सगळ्या प्रकाराच्या तारखा आणि खर्च मी त्याच वहीत लिहीत गेले.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. पलंगाखालची पत्र्याची पेटी काढली. दहावी १९९९, बारावी २००१, बी. कॉम. २००४. टक्के ५४, म्हणजे खुल्या गटाची ४५ टक्क्यांची अट सुटत होती. (इतर मागासवर्ग वगैरेंना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०.) पण गुणपत्रिका मोजल्या तर पहिल्या वर्षाची गायब. पदवी हातात असली तरी प्रवेशाच्या वेळी सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका लागतात. आमच्या वेळी पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजच घ्यायचं, त्यामुळे विद्यापीठात न जाता कॉलेजात गेले. त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "वर्ष?" मी म्हटलं, २००१-०२. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या माळ्याकडे बघितलं. "पोलीस तक्रारीची प्रत आणा, अर्ज द्या, पंधरा दिवसांनी या." गहाळ झाल्याची तक्रार आता ऑनलाइन नोंदवता येते, ते दहा मिनिटांचं काम. पंधरा दिवसांचे मात्र सव्वीस झाले. नवी प्रत मिळाली ती बघून इतका आनंद झाला की त्यावर अकाउंट्सला ३९ मार्क आहेत हे मी विसरूनच गेले होते. आज मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सच बघते.

त्याच महिन्यात दुसरा शोध लागला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. कुणीतरी शाईच्या पेनाने, पट्टी लावून, अगदी सरळ ओढलेली. जन्म कळव्याचा, शाळा कळव्याची, सगळं आयुष्य ठाणे स्टेशनच्या या बाजूला किंवा त्या बाजूला गेलेलं, पण ते कागदावर कुठे नाही. राज्यातला उमेदवार म्हणून जागा हवी तर अधिवास दाखला काढणं भाग होतं. ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो, त्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. मी महा ई-सेवा केंद्रात गेले, कारण स्कॅन करायला घरी काही नव्हतं. ही माझी पहिली चूक नव्हे. पहिली चूक म्हणजे मी कागदांचा क्रम चुकवला.

१९ डिसेंबरला मोबाइलवर संदेश आला: अर्जात त्रुटी. शाळेचा दाखला एका नावाचा, रेशन कार्ड आणि लाइट बिल दुसऱ्या नावाचं. दोन्ही बाई एकच आहेत याचा पुरावा जोडा. पुरावा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. आणि आम्ही लग्नाची नोंदणी कधी केलीच नव्हती.

त्या रात्री नवरा म्हणाला, "सोळा वर्षं झाली. आता नोंदणी? म्हणजे इतके दिवस विचार बदलायला वाव होता तर." मी हसले नाही. सीईटीच्या, म्हणजे लॉच्या प्रवेशपरीक्षेच्या, फॉर्मची खिडकी उघडायची वेळ झाली होती.

फॉर्ममध्ये नाव कुठलं टाकायचं, यावर मी चार दिवस घातले. सूचना दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव लिहा म्हणते. पण परीक्षेला ओळखपत्र म्हणून दाखवायचं आधार, आणि त्यावर सासरचं नाव. ओळखीच्या तिघींना विचारलं, तिघींनी तीन उत्तरं दिली. शेवटी माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खरं तर हे चार दिवस आधीच करायला हवं होतं, आणि दहावीप्रमाणे माहेरचं नाव टाकलं. माझं मत आजही तेच आहे. तुमची सगळी शैक्षणिक कागदपत्रं ज्या नावाची, त्या नावाने अर्ज करा. आधार आणि ती कागदपत्रं यांच्यातला पूल म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र. आधार बदलून घेण्याच्या भानगडीत या काळात पडू नका. पदवीवरच्या दोन 'ईं'नी मात्र कुणाचंच काही बिघडवलं नाही, मीच उगाच त्यांच्यावर झोप घालवली.

जानेवारी लग्नाच्या नोंदणीत गेला. महापालिकेच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात नमुना 'ड' मिळाला. त्यावर नवरा-बायकोचे फोटो, तीन साक्षीदारांच्या सह्या, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. लग्नपत्रिका सासूबाईंनी देवघराच्या खणातून काढली, तिच्यावरची हळदीची बोटं अजून होती. फोटोचं जास्त अवघड गेलं. अल्बममध्ये दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा फोटोच नव्हता. कुठे मुंडावळ्या, कुठे अंतरपाट, कुठे मामांचं डोकं. शेवटी जेवणाच्या पंगतीतला एक सापडला. मी जिलेबीचा घास हातात धरून कॅमेऱ्याकडे बघतेय आणि हा श्रीखंडाकडे. खिडकीवरच्या साहेबांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, माझ्याकडे बघितलं, याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालेल."

गुरुजींचं मात्र चालेना. ज्यांनी लग्न लावलं ते २०१६ सालीच गेले. त्यांच्या मुलाला फोन केला, तो बँकेत आहे. तो म्हणाला, "बाबांच्या वतीने मी सही कशी करणार?" बरोबरच होतं. कार्यालयात विचारल्यावर कळलं की गुरुजी हयात नसतील तर तसं प्रतिज्ञापत्र देता येतं. ते केलं. साक्षीदार म्हणून मोठ्या नणंदबाई, चुलतभाऊ आणि खजिनदार काका. तिघांनाही एकाच दिवशी, कामाच्या वेळात, आधार कार्डासह हजर करणं, याला लग्न जमवण्याइतकीच खटपट लागली. नणंदबाई बदलापूरहून आल्या, भाऊ ऐरोलीहून. नोंदणी उशिराची म्हणून जादा शुल्क भरलं. १८ फेब्रुवारीला प्रमाणपत्र हातात पडलं. बाहेर रसवंतीवर सगळ्यांनी रस घेतला. भावाने 'नवदाम्पत्याला' म्हणून एक ग्लास जास्तीचा सांगितला.

मग पुन्हा अधिवास. या वेळी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्रही जोडायचं होतं. कोर्ट नाक्यावर एकाने टाइप करता करता सांगितलं, "ताई, शंभरचा बंद झाला, आता पाचशेचाच स्टॅम्प लागतो." अर्धं खरं होतं. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना पाचशेचा मुद्रांक लागू झालाय. पण जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला अशा कामांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ सालापासून मुद्रांक शुल्क माफ आहे. सोसायटीच्या कामात हे वाचलेलं होतं म्हणून बोलले. तो म्हणाला, "माफ आहे हो, पण आत घेणार नाहीत." मी म्हटलं, नाही घेतलं तर परत तुमच्याकडेच येते. साध्या कागदावर छापून घेतलं, तहसील कार्यालयात शपथ घेतली, आत काही न बोलता घेतलं. वहीत त्या दिवशी लिहिलंय: टायपिंग ८० रुपये, वाचले ५००. सेवा हक्क कायद्याप्रमाणे या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. मला सतराव्या दिवशी मिळाला. तक्रार नाही. वाट बघताना एक गोष्ट करा, अर्जाचा क्रमांक जपून ठेवा आणि स्थिती ऑनलाइन बघत राहा, कारण त्रुटीचा संदेश कधी येतो कधी येत नाही.

एव्हाना एका एजंटाने 'सगळं मिळून पाच हजारांत करून देतो' असं सांगून झालं होतं. माझी वही सांगते की विवाह नोंदणी, अधिवास, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, रिक्षा, सगळं धरून माझे २,३६० रुपये गेले. रजा मात्र साडेपाच. पैशापेक्षा त्या महाग पडल्या.

या सगळ्यात अभ्यास कुठे होता, असं कुणी विचारेल. पहाटे साडेचार ते सहा, पाणी जाईपर्यंत. पेपर १२० प्रश्नांचा, १२० मार्कांचा, दोन तासांचा, संगणकावर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडून यायचं नाही. तीन वर्षांच्या कोर्सच्या पेपरात इंग्रजीला ४० प्रश्न, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींना ३२, कायदेविषयक कलचाचणीला २४ आणि तर्काला २४. मी सुरुवातीला उलटं केलं. कायदा म्हणून कायद्याच्याच मागे लागले, कलमं पाठ करत बसले. फेब्रुवारीत पहिली सराव परीक्षा दिली तेव्हा डोळे उघडले. सगळ्यात मोठा गठ्ठा इंग्रजीचा आहे आणि तो मी हातही न लावता ठेवला होता. मग रोज एक उतारा, रोज दहा शब्द. चालू घडामोडींसाठी शनिवारी दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आठवड्याची वर्तमानपत्रं नजरेखालून घालायची. १८९३ सालची संस्था, पण माझं लहानपणानंतर तिथे जाणंच झालं नव्हतं.

पुस्तक घेताना एक काळजी घ्या. माझ्या भाच्याने त्याचं जुनं गाइड दिलं, त्यात सगळी भारतीय दंडसंहिताच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, आणि ज्याच्यावरून आपण लोकांना नावं ठेवतो ते ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. नवरा म्हणतो, 'तीनशे अठरा माणूस आहे तो' याला काही मजा नाही.

दुसरं, भाषेचं. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत दिसतात. मी मराठी माध्यमाची, त्यामुळे मला वाटलं, चला, सुटलो. पण कायद्याची मराठी हा वेगळाच प्रांत आहे. पाच रिट, म्हणजे कोर्ट काढतं ते खास आदेश, पाठ करायला घेतल्या तर इंग्रजीतलं हेबिअस कॉर्पस, मँडॅमस तोंडात बसलं, आणि 'बंदीप्रत्यक्षीकरण', 'परमादेश', 'प्रतिषेध', 'प्राकर्षण', 'क्वाधिकार' वाचताना बोबडी वळली. स्वयंपाकघरात कणिक मळत 'प्राकर्षण, प्राकर्षण' म्हणत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कुठलं स्तोत्र गं हे?" शेवटी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर चिकटवले. मराठी वाचून अर्थ लागला नाही तर वरचं इंग्रजी बघायचं, आणि उलटही. परीक्षेत ही सवय खरंच उपयोगी पडली.

परीक्षा मार्चमधून पुढे ढकलली गेली आणि मेच्या सुरुवातीला झाली. मला वेळ मिळाला, पण त्या दीड महिन्यात उत्साह ओसरतो हेही खरं. एप्रिलच्या शेवटी अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई पुढचे सरन्यायाधीश होणार ही बातमी आली, तेवढीच वहीत लिहिली, बाकी पंधरा दिवसांत नवीन काही डोक्यात गेलं नाही.

केंद्र महापेला आलं होतं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने घणसोली आणि पुढे रिक्षा. आदल्या रविवारी आम्ही दोघं जाऊन जागा बघून आलो, आणि तुम्हीही बघून या, कारण एमआयडीसीत सगळ्या इमारती सारख्याच दिसतात आणि सुटीच्या दिवशी विचारायला माणूस भेटत नाही. परीक्षेच्या दिवशी दारावर तपासणी. पुढे विशीतली पोरंपोरी, त्यांच्यात मी. हॉल तिकिटावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दारावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तुमचं नाही." मी विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स पुढे केली. तो ते घेऊन आत गेला. तीन-चार मिनिटं असतील. मागची रांग माझ्या बाजूने पुढे सरकत होती आणि मला घाम फुटला होता. आतून एक बाई आल्या, प्रमाणपत्रावरची तारीख बघून म्हणाल्या, "२०२५ ची नोंदणी? नवीन लग्न?" मी म्हटलं, "लग्न जुनं आहे हो, कागद नवीन." त्या हसल्या आणि सोडलं. तेव्हा झेरॉक्सवर भागवू नका, मूळ प्रत जवळ ठेवा.

पेपरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंग्रजी बरं गेलं, तर्काचे शेवटचे सहा-सात प्रश्न अंदाजाने मारले. बाहेर पडल्यावर एका मुलीने विचारलं, "काकू, तुमच्या मुलीचा पेपर कसा गेला?"

जूनमध्ये निकाल लागला. मला ८६ पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्या मागे शंभरातले किती आहेत तेवढंच ते सांगतं. घरच्यांना हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली, तोवर सासूबाईंनी 'शहाऐंशी टक्के' म्हणून चार घरी पेढे वाटले होते.

निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची, वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिचं शुल्कही वेगळं असतं. सीईटी दिली म्हणजे आपोआप यादीत नाव येईल, अशा समजुतीत राहिलेल्या एका मुलीची पहिली फेरी हुकलेली मी बघितली. पेपर सुटल्यावर जिने 'काकू' म्हटलं तीच ही, आम्ही नंबर घेतले होते. तिच्याच निमित्ताने आणखी एक कळलं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की ते गेलं. तिचे वडील अगदी तेच करायला निघाले होते. थांबले.

कागद अपलोड करताना मी एक शहाणपणा केला असं मला वाटत होतं. विवाह प्रमाणपत्रासाठी वेगळा रकाना दिसेना म्हणून ते जोडलंच नाही. चार दिवसांनी अर्ज शेऱ्यासह परत: अधिवास दाखल्यावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळत नाही. म्हणजे तहसीलवाल्यांना जे पटवून दिलं ते इथे पुन्हा पहिल्यापासून. मुलाने अधिवास दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र एकत्र करून एकच पीडीएफ बनवली आणि अधिवासाच्याच रकान्यात चढवली. दुसऱ्या दिवशी मंजूर. त्याने माझ्याकडे त्या बदल्यात दोन तास मोबाइल मागितला, दिला. परत आलेल्या अर्जाला दुरुस्तीची मुदत असते, म्हणून या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तिच्यातही स्वतःची ओळ नीट वाचा. नाव, प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार बघा. हरकत नोंदवायची ती अंतिम यादीच्या आधीच.

पर्याय भरताना सल्ले खूप मिळाले. सगळ्यात जास्त मिळालेला सल्ला, 'जे मिळण्यासारखं आहे ते वर टाका', तो मला पटला नाही. यंत्रणा तुमच्या क्रमाने वरून खाली बघत येते. जे खरंच हवंय तेच वर टाकायचं, न मिळणारं वर टाकल्याने खालचं जात नाही. पहिला पर्याय मिळाला तर मात्र पुढच्या फेऱ्या बंद, त्यामुळे वर काय टाकताय ते विचार करून टाका. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय, १८५५ सालचं, टिळक जिथे शिकले आणि बाबासाहेब जिथे प्राचार्य होते, ते मी हौसेने पहिलं टाकलं. मिळणार नाही हे माहीत होतं. त्याखाली ठाण्यातलं चेंदणी बंदर रोडवरचं, मग बेलापूरचं, अशी नऊ. त्यातल्या पाच ठिकाणी शनिवारी जाऊन आले. मी तीनच गोष्टी विचारल्या: तास किती वाजता, हजेरी किती कडक, ग्रंथालय किती वाजेपर्यंत. बार कौन्सिलच्या नियमात हजेरी ७० टक्के आहे, आणि संध्याकाळचं लॉ कॉलेज ही जुनी गोष्ट आता विसरायची, तास सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच असायला हवेत. नोकरी करणाऱ्यांनी साहेबांशी आधी बोलून घ्यावं. माझे साहेब म्हणाले, "दुपारी एकपासून या, पण मार्चअखेरीला लॉ-बिऑ सांगू नका."

पहिल्या फेरीत काही नाही. श्रावण होता, घरात सत्यनारायण होता, आणि मी मोबाइल पदराखाली धरून यादी बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की पुरे. शिरा ढवळताना डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं नव्हतं, गॅस आहे आमच्याकडे. दुसऱ्या फेरीत चौथा पर्याय मिळाला. गणपतीची आरास अर्धी टाकून मूळ कागदांची फाइल घेऊन कॉलेजात गेले. तिथे आणखी एक निघालं: पदवीनंतर इतकी वर्षं काय केलं याचं प्रतिज्ञापत्र, त्याला सगळे 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. एकवीस वर्षांच्या गॅपचं कारण दोन ओळींत लिहायचं होतं. मी लिहिलं, 'नोकरी व कौटुंबिक जबाबदारी'. खिडकीवरच्या काकांनी वाचलं आणि शिक्का मारला. मूळ कागद जमा करण्याआधी प्रत्येकाचे तीन झेरॉक्स संच आणि स्कॅन करून ठेवा, मला हे खजिनदार काकांच्या वहीच्या पहिल्याच पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं मिळालं होतं.

सप्टेंबरात पहिला तास. मी मागून तिसऱ्या बाकावर. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, एकेक नाव, एकेक 'येस सर'. एक नाव दोनदा पुकारलं, कुणी बोललं नाही, सरांनी पुढचं घेतलं. पाच-सहा नावं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ते माझं होतं. सतरा वर्षांत त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नव्हती.

तास संपल्यावर सरांकडे गेले, म्हटलं, सर, मी होते वर्गात. त्यांनी रजिस्टरमधल्या लाल 'अ' कडे बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या नव्या ओळखपत्राकडे. "ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज द्या," ते म्हणाले, "आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा."

झेरॉक्स पिशवीत होतीच.